पुढच्या चाकाचे बेअरिंग : ग्रीस, आवळणी आणि कारागिराची अमानत

भिवंडी, मालेगाव, मिरज, जालना, नांदेड, कुठल्याही गावाच्या हमरस्त्यावर जा. ट्रकच्या कामाची गॅरेजे ओळीने दिसतील आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हातोडा-पाना धरलेला हात आपल्या समाजाच्या कारागिराचा असेल. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीला मान असतो, डिझेल पंपवाल्याचा भाव वेगळा असतो. पण चाकाचे काम हे 'पोऱ्याचे काम' समजले जाते. नवा शागीर्द आला की त्याला पहिल्याच आठवड्यात हब खोलायला बसवतात. खरे पाहता ट्रकमधल्या ज्या मोजक्या कामांवर थेट माणसाचा जीव टांगलेला असतो, त्यांत पुढच्या चाकाच्या बेअरिंगचे काम वरच्या नंबरात येते. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. पुढचे चाक अडकले किंवा निखळले तर गाडी उभी राहत नाही, ती जाते ती थेट दरीत किंवा समोरच्या एस.टी.वर.

प्रस्तुत लेखक स्वतः या चुकीतून शिकला आहे, म्हणून ती आधी सांगतो. १९८९ सालची गोष्ट. नाशिकला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मी शागिर्दी करीत होतो. एका टाटा १२१० गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाला नवे बेअरिंग घातले. उस्ताद जुम्याच्या नमाजला गेले होते. ड्रायव्हरला लासलगावला कांदा भरायला जायची घाई होती. मी हबचा नट दांड्याला पाइप लावून कसून आवळला, पिन ठोकली, टोपी बसवली. 'घट्ट म्हणजे मजबूत' एवढीच तेव्हा अक्कल होती. रिकामी गाडी लासलगावपर्यंत गेली. हब तापल्याचे ड्रायव्हरला जाणवले होते, पण 'नवीन बेअरिंग आहे, बसेल' असे त्याने मनाला समजावले. माल भरून परत फिरला, नाशिक ओलांडले आणि इगतपुरीच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास व धूर आला. गाडी वेळेवर थांबली. तिथून थोडे पुढे कसारा घाट उतरायचा होता.

उस्तादांनी रात्री जाऊन ते हब खोलले. रोलर निळे-काळे पडले होते, पिंजरा फुटला होता, स्टब अॅक्सलवर कोन चिकटून बसला होता. मालकाला बेअरिंगचे आणि अॅक्सलचे पैसे उस्तादांनी गल्ल्यातून दिले. मला ते एवढेच म्हणाले, "बेटा, नट तूने कसा, जान किसकी थी?" मारले असते तर मी विसरलो असतो. असो.

ट्रकच्या पुढच्या चाकात दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान. दोन्ही टेपर रोलरची, म्हणजे निमुळत्या रोळ्यांची. प्रत्येकाचे दोन भाग. रोलर आणि पिंजऱ्यासकट आतला भाग तो कोन. तो स्टब अॅक्सलवर सरकतो. बाहेरची कडी तो कप. तो हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. रोलर निमुळते का, असा प्रश्न नवा पोऱ्या हमखास विचारतो आणि विचारलाच पाहिजे. सरळ रोलर फक्त वरून येणारे वजन पेलतो. पण गाडी वळणावर गेली की चाकाला आडवा दाब येतो. निमुळता रोलर दोन्ही दाब एकाच वेळी घेतो. दोन बेअरिंगांची निमुळती तोंडे एकमेकांसमोर असल्याने हब दोन्ही बाजूंनी धरला जातो. ही कल्पना व्यवहारात आणली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन या माणसाने. १८९८ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. तो इंजिनिअर नव्हता, घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. वळताना गाडीची चाके घासतात, घोड्याला ओढायला जड जाते, हे त्याने वर्कशॉपमध्ये पाहिले आणि त्यावर उपाय शोधला. आपल्या कारागीर बांधवांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

खोलण्याआधी

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. ते न पाहता जोर लावला तर स्टड तुटतो. मग अॅक्सलखाली जॅक आणि जॅकशेजारी घोडी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणे म्हणजे स्वतःच्या बायकामुलांशी बेइमानी आहे. यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

चाक उचलल्यावर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला की लगेच 'बेअरिंग गेले' असा निकाल देऊ नका. साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला, तर तो किंगपिनचा. ही दोन मिनिटांची तपासणी न केल्यामुळे किती मालकांनी चांगली बेअरिंगे बदलून घेतली आणि किंगपिनचा रोग तसाच गाडीत राहिला, याचा हिशेब नाही. त्यानंतर चाक हाताने फिरवून पाहावे. घरघर किंवा खडखड अशी हाताला जाणवते, कधी कधी कानाआधी.

चाक काढून ब्रेक सैल करावा, म्हणजे ड्रम लायनरला अडकत नाही. टोपी काढावी. कुठे कंगोऱ्याचा नट आणि पिन असते, कुठे दोन नटांमध्ये लॉक वॉशर असतो. जे असेल ते कसे बसले होते, हे काढतानाच नीट पाहून ठेवावे. हब ड्रमसकट जड असतो. एकट्याने खेचताना बाहेरचा कोन हमखास मातीत पडतो. म्हणून हब थोडा पुढे ओढून आधी कोन आणि वॉशर काढून घ्यावेत, मगच हब उतरवावा.

धुणे आणि पाहणे

जुने ग्रीस पुसून काढून बेअरिंग डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवावे. पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय गॅरेजमध्ये कुठेतरी वेल्डिंग चालूच असते. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरागरा फिरवायची पोरांना फार हौस असते. शिट्टीसारखा आवाज येतो, मजा वाटते. ही मजा ताबडतोब बंद करा. कोरडे बेअरिंग त्या वेगाने फिरले तर खराब होते आणि पिंजरा तुटून रोलर गोळीसारखा सुटू शकतो. डावी-उजवी बेअरिंगे एकत्र करू नयेत. ज्या कोनाने ज्या कपात घासून जागा केली, तो त्याच कपात परत गेला पाहिजे.

धुतल्यावर उजेडात पाहा. रोलरवर किंवा कपाच्या आतल्या तोंडावर खड्डे, पापुद्रे निघालेले, निळसर-तपकिरी रंग, गंजाचे डाग, रोलरच्या अंतरावर पडलेल्या रेघा, यांपैकी काहीही दिसले की बेअरिंग बदलायचे. निळा रंग म्हणजे ते तापले होते आणि पोलादाची ताकद गेली. रेघा आणि चरे दिसले, तर एक प्रश्न मालकाला जरूर विचारावा : अलीकडे गाडीवर वेल्डिंग केले होते का? चेसीवर वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा दूर कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलर-कपावर बारीक डाग पडतात. वेल्डर बांधवांनी हे लक्षात ठेवावे : चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा.

बदलायचे तर कोन आणि कप दोन्ही. नुसता कोन बदलून जुन्या कपात चालवणारे आजही आहेत. मालकाचे थोडे पैसे वाचवले असे त्यांना वाटते. जुन्या कपाची झिजलेली वाट नव्या रोलरला जुळत नाही आणि नवा माल काही महिन्यांत जुन्यासारखा होतो.

कप ठोकणे

जुना कप काढण्यासाठी हबमध्ये आतून खाचा असतात. तिथे पितळी किंवा मऊ लोखंडी सळई लावून एकदा या बाजूला, एकदा समोरच्या बाजूला असे ठोके द्यावेत. एकाच बाजूने ठोकले तर कप तिरका होऊन हबचे भोक ओरबाडतो. नवा कप बसवायला जुनाच कप उत्तम हत्यार आहे. त्याची बाहेरची कडा ग्राइंडरवर थोडी घासून घ्यावी आणि तोच नव्या कपावर ठेवून ठोकावा. नव्या कपावर छिन्नी किंवा हातोडा सरळ मारू नये. तो कडक पोलादाचा असतो, तुकडा उडून डोळ्यात जातो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ आवाज भरीव होतो. कान तयार असला पाहिजे. तरी खात्रीसाठी कपामागे पातळ पट्टी शिरते का ते पाहावे. शिरली तर कप टेकलेला नाही.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ जुन्या हबमध्ये कप हातानेच आत सरकतो, कारण भोक मोठे झालेले असते. अशा वेळी हबच्या आत पंच मारून खडबडीत करणे किंवा मध्ये पत्र्याची पट्टी घालणे हा आपल्याकडचा सर्रास चालणारा जुगाड आहे. पंचाची टोके थोड्याच दिवसांत दबतात, कप फिरू लागतो, हब तापतो. ही लबाडी ग्रीसखाली झाकली जाते आणि मालकाला दिसत नाही, म्हणूनच ती जास्त वाईट. चांगल्या लेथवाल्याकडून हब बोअर करून स्लीव्ह घालून घ्यावी किंवा हब बदलावा. मालक तयार नसेल तर काम घेऊ नये. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, खालचे धान्य ओले निघाले आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण सर्वांनी खुत्ब्यात ऐकला आहे. तो प्रसंग फक्त धान्यवाल्यांसाठी नाही.

स्टब अॅक्सलही पाहावा. कोनाच्या जागी खाच पडली आहे का, रंग निळा आहे का, आटे शाबूत आहेत का. कोन त्यावर हाताने सरकला पाहिजे. तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे गंज धरत नाही.

ग्रीस : किती आणि कोणते

चाकाच्या बेअरिंगला लिथियम बेसचे ग्रीस घालावे. आपल्या बाजारात बरीच वर्षे 'एपी-३' या नावाने ते मागितले जाते. डब्यावर मल्टिपर्पज किंवा व्हील बेअरिंग असा स्पष्ट उल्लेख असतो. चेसीच्या निपलला घालायचे साधे कॅल्शियमचे स्वस्त ग्रीस इथे चालत नाही. पाण्यात ते टिकते, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून वाहू लागते. लिथियमचे ग्रीस साधारण १८० अंशांपर्यंत धरून राहते. घाट उतरताना ब्रेक ड्रमची उष्णता हबमध्ये येते तेव्हा या फरकाची किंमत कळते. दोन जातींची ग्रीसे मिसळूही नयेत. काही जातींची मिसळण पातळ होऊन वाहून जाते. म्हणून जुने पूर्ण धुऊन मगच नवे.

काही दीनदार कारागीर विचारतात की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते का. सर्व जातींच्या ग्रीसबद्दल एकच उत्तर देता येणार नाही. पण लिथियम ग्रीसचा जो प्रचलित प्रकार आहे, त्याच्या साबणासाठी लागणारे आम्ल एरंडेलापासून बनते, आणि एरंडीच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे. त्यातही बहुतांश पीक शेजारच्या गुजरातचे. ज्या तेलाचा चमचा आजी पोट साफ करायला देत असे, तेच रूप बदलून ट्रकच्या हबमध्ये फिरत असते.

भरण्याची रीत जुनीच उत्तम. हात साबणाने धुवावेत. डाव्या तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घ्यावे. उजव्या हातात कोन धरून त्याची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबत दाबत ग्रीसमध्ये खुपसावी, इतकी की अरुंद बाजूने रोलरांच्या मधून ग्रीसच्या वळ्या बाहेर आल्या पाहिजेत. मग थोडे फिरवून पुढचे रोलर. पूर्ण फेरी होईपर्यंत घाई नको. वरवर फासलेले ग्रीस रोलरच्या पोटात जात नाही. ते फिरताना बाजूला फेकले जाते आणि आतला रोलर कोरडाच धावतो.

हबच्या पोकळीत दोन कपांच्या मध्ये कपाच्या आतल्या कडेपर्यंत ग्रीसचा थर द्यावा. त्यामुळे बेअरिंगमधले ग्रीस मध्ये वाहून जात नाही. पण हब ठासून भरू नये. टोपीत तर फक्त पातळ थर. 'भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर सेवा' हा मालकांचा आवडता गैरसमज आहे आणि कारागीर त्याला खूश करायला अर्धा डबा ओततो. ठासलेले ग्रीस घुसळून तापते, फुगते, सील फोडते आणि लायनरवर येते. मग एका बाजूचा ब्रेक लागत नाही आणि ब्रेक मारला की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते.

ग्रीसच्या डब्याचे झाकण उघडे ठेवणे ही आपल्या गॅरेजांची जुनी खोड. रस्त्याच्या कडेची धूळ त्यात बसते. धूळ मिसळलेले ग्रीस आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट यांत फार फरक नाही.

आतला कोन ठेवून सील बसवावा. नेहमी नवा. सीलचा ओठ ग्रीसच्या बाजूला, म्हणजे आत. ओठाला ग्रीसचे बोट फिरवावे आणि सपाट लाकडाने सारखे ठोकून बसवावा. हब चढवताना तो सरळ धरावा. तिरका घातला तर आट्यांवर घासून सीलचा ओठ कापला जातो आणि ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

आवळणी

इथेच माझी १९८९ची चूक झाली होती, म्हणून इथे थोडे थांबतो. बाहेरचा कोन, जिभेचा वॉशर आणि नट बसवल्यावर हब दोन्ही दिशांना फिरवत राहावे आणि फिरवतानाच नट आवळावा. हब जड फिरू लागेपर्यंत. फिरवल्याशिवाय आवळले तर रोलर आपल्या जागी टेकत नाहीत आणि खोटी घट्टाई मिळते. रोलर बसले की नट मागे घ्यावा. साधारणतः सहा पैलूंच्या नटाची एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, ते पाव फेरा. नेमका आकडा त्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तोच शेवटचा मानावा. हबला पुढे-मागे खेळ राहायला हवा तो फार थोडा, सर्वसाधारणपणे इंचाच्या हजार भागांपैकी एक ते पाच भाग. हे बोटाने नीट कळत नाही. चुंबकाच्या बैठकीचा डायल गेज ज्या गॅरेजमध्ये आहे, तिथल्या कामात आणि अंदाजाच्या कामात फरक पडतो. टायरच्या झिजेवरून तो पुढे दिसतो. हा गेज काही एवढा महाग नाही की दोन कारागिरांनी मिळून घेऊ नये.

पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवावे, आवळून कधीही नाही. पिन नवी हवी. वाकवलेली जुनी सरळ करून घातली की ती मोडायला तयारच असते. लॉक वॉशर असेल तर त्याची जीभ नटाच्या सपाट बाजूवर पूर्ण दुमडावी. मग ब्रेक पुन्हा सेट करणे विसरू नये. सैल केलेला ब्रेक तसाच ठेवून गाडी सोडणारे मी पाहिले आहेत.

गाडी सोडण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून हबला हाताची पाठ लावावी. कोमट असेल तर ठीक. हात टिकत नसेल तर परत खोला, मालक कितीही घाईत असो. चाकाचे नट पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला ड्रायव्हरला बजावून सांगावे आणि बिलावर लिहूनही द्यावे. पावसाळ्यात गाडी हबपर्यंत पाण्यातून गेली असेल, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता खोलून ग्रीस बदलावे. तापलेला हब पाण्यात बुडाला की थंड होताना आत पाणी ओढतो.

माल आणि मोल

स्पेअर पार्टच्या दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. बेअरिंगचा नंबर कोनाच्या आणि कपाच्या बाजूवर कोरलेला असतो. मेट्रिक नंबराचे शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ३०२०८ म्हणजे ४० मिलिमीटर, ३२३१० म्हणजे ५० मिलिमीटर. एवढे पाठ असले तर खोके बदललेला माल काउंटरवरच ओळखता येतो. देशात चांगला माल बनतो. पुण्याजवळ चिंचवडला, जमशेदपूरला, जयपूरला मोठे कारखाने आहेत. पण त्यांच्याच नावाच्या हुबेहूब डब्यांत नकली मालही विकला जातो आणि जुने बेअरिंग पॉलिश करून नवे म्हणून खपवले जाते. कोरीव अक्षरे अस्पष्ट, भाव बाजारापेक्षा फारच खाली, विकणारा बिल द्यायला तयार नाही, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की माल घेऊ नये. काही कंपन्यांनी माल अस्सल आहे का हे मोबाईलवर तपासण्याची सोय केली आहे. तिचा उपयोग करावा. जीएसटीचे बिल असले तर परतफेडीचा हक्क राहतो.

कारागिराच्या मजुरीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. नीट केलेले एक चाक खोलणे, धुणे, पाहणे, भरणे, आवळणे, चालवून पाहणे यात अर्धा दिवस जातो. शेजारचा 'नुसते ग्रीस मारून' तासाभरात गाडी सोडतो आणि निम्मे पैसे घेतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. यावर मला एकच उपाय लाभला. काढलेली बेअरिंगे, सील, पिन मालकासमोर पत्र्यावर मांडायची आणि बोट ठेवून दाखवायचे. आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस करावा लागतो, त्यामुळे जुन्या गाडीचा मालक वर्षातून एकदा तरी दारात येतोच. एकदा दाखवलेले निळे रोलर तो विसरत नाही.

अलीकडच्या काही ट्रकमध्ये हबचे बेअरिंग बंद संचाच्या रूपात येते. त्यात ग्रीस भरायचे नाही, आवळणीचा अंदाज नाही. खराब झाले की सगळा संच बदलायचा आणि नट ठरलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचा. त्यामुळे तळहातावर ग्रीस भरण्याचा हा हुन्नर हळूहळू कमी होत जाईल. ज्यांची मुले या धंद्यात येणार आहेत, त्यांनी त्यांना दहावीनंतर आय.टी.आय.च्या डिझेल मेकॅनिकच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला घालावे आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये बसवावे. टॉर्क पाना आणि डायल गेज वाचता येणारा, आणि ठोक्याचा आवाज कानाने ओळखणारा, असा एकच कारागीर असेल तर त्याला काम शोधत हिंडावे लागणार नाही. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. आज सकाळीच एक आली, डाव्या हबला सीलजवळ ग्रीस गळत होते.